भीडांक तीन

नियंत्रणकक्षाच्या काचेतून डॉ. रेवती इंगवले खाली मैदानाकडे पाहत होती. फुटबॉलचा अंतिम सामना सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. सोळा हजार माणसं आपापल्या बैठकीवर इतकी शहाण्यासारखी बसली होती, की हे कोल्हापूर आहे आणि लढत पिंपळाखालची तालीम विरुद्ध रणझुंजार तालीम अशी आहे, हे परक्या माणसाला शपथेवर सांगावं लागलं असतं. एके काळी या सामन्याच्या दिवशी दोन्ही पेठांतली दुकानं अर्ध्या फळ्या लावून बसत. हलगी, शिट्ट्या, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार आणि शेवटी दगड, हा ठरलेला क्रम. आता हलगी वाजत होती, पण वाजवणारा आधी इकडेतिकडे बघून घेत होता.

"ही सगळी तुझी कृपा," फिरोज म्हणाला. डॉ. फिरोज मुजावर हा संख्याशास्त्रज्ञ, तिचा पहिल्यापासूनचा सहकारी. त्याच्या आवाजात कौतुक नव्हतं.

हे सुरू झालं ते एका दगडापासून. काही वर्षांपूर्वी याच मैदानावर, याच दोन संघांत, एक गोल रद्द झाला आणि पश्चिमेच्या गॅलरीतून पहिला दगड आला. पुढच्या दंगलीत एका म्हाताऱ्या चहावाल्याचा डोळा गेला. पेठ फुटबॉल मंडळाचे अध्यक्ष श्रीपतराव सरनोबत हात जोडून रेवतीच्या प्रयोगशाळेत आले. गर्दीशास्त्र शिकलेली पेठेतली ही एकच लेक.

"काका, माणूस दगड का मारतो हा प्रश्नच चुकीचा आहे," तिनं त्यांना सांगितलं होतं. "किती जणांनी मारल्यावर मारतो, हे विचारा. कुणाला आपल्या आधी पन्नास जण लागतात, कुणाला दोन. तेवढे झाले की त्याची भीड चेपते. त्या आकड्याला मी भीडांक म्हणते. ज्याला आधी कुणीच लागत नाही, त्याचा भीडांक शून्य. शून्यवाल्यानं मारला की एकवाला मारतो, त्या दोघांना बघून दोनवाला. पायरी पायरीनं अख्खी गॅलरी पेटते."

"म्हंजे तेवढा शून्यवाला काढला, की एकवाला बसला वाट बघत?"

"आणि त्याच्यामागं सगळेच."

"आणि हा आकडा काय कपाळावर लिहिलेला असतोय व्हय?"

नसतो, पण मोजता येतो. प्रत्येक बैठकीखाली भारसंवेदक बसले, खांबांवर चेहरा ओळखणारे कॅमेरे लागले. गोल झाला की कोण किती जणांच्या नंतर उठतो, घोषणेला कोण कितवा तोंड उघडतो, एवढंच हे गर्दीमापक यंत्र टिपत राही. उठण्याचा आकडा आणि दगडाचा आकडा एकच असतो, हे रेवतीचं संशोधन. एका हंगामात प्रत्येकाचा भीडांक पक्का झाला आणि शून्यवाल्यांना मैदानबंदी झाली. मनगटात हद्द सोडली की वाजणारी कडी घालायची, सामन्याच्या दिवशी घर किंवा कामाची जागा सोडायची नाही.

बंदी झालेला पहिला शून्यवाला होता तिचा सख्खा धाकटा भाऊ, रणजित. तो पहिला दगड त्याचाच होता.

"अक्का, दगड मीच मारला, न्हाई म्हणत न्हाई," कडी घालून घेताना तो म्हणाला होता. "पर त्या चहावाल्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात कुणी न्हेलं, ते तुझं मशीन मोजतंय का?"

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

इथपर्यंतही ठीक होतं. पण शून्यवाले मोजले तेव्हा पिंपळाखालच्या पेठेत निघाले एकोणीस आणि रणझुंजारच्या पेठेत सात. झालं! आमचे एकोणीस आणि त्यांचे सातच? हा उघड उघड पक्षपात! मंडळाच्या बैठकीत टेबलावर मुठी आपटल्या गेल्या. सरनोबतांनी तोडगा काढला : दोन्हीकडचे सारखेच काढायचे. रणझुंजारचे बारा एकवाले बाहेर गेले. मग रणझुंजारवाले म्हणाले, त्यांचे एकवाले आत बसतात आणि आमचे नाहीत, हे कसं? मग सगळेच एकवाले गेले. त्याच न्यायानं दोनवाले गेले. सामान्य प्रेक्षकाला नियम, मग पोलिसांना का नाही, रुग्णवाहिकेवरच्या माणसांना का नाही, खेळाडूंना का नाही? सगळ्यांना लावला; मोजणारे दोघे तेवढे सुटले. बरोबरीच्या हट्टापायी कोल्हापूरकर स्वतःचं नाकही कापून घेईल, फक्त समोरच्याचंही तेवढंच कापलं गेलं पाहिजे.

रेवतीनं विरोध केला नाही. दगड थांबले होते. सामने तेवढे बेचव झाले. पहिला फटका मारायला कुणी धजेना, शून्य-शून्य बरोबरी हा नेहमीचाच निकाल झाला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती अशी मैदानावर नांदायला आली.

"हा पश्चिमेच्या गॅलरीचा आलेख बघ," फिरोज म्हणाला. "शून्य, एक, दोन. तिथं कुणी नाही. आणि तीनवर?"

तीनवर एक उंच सुळका उभा होता.

"चोवीसशे," रेवती म्हणाली. "एवढे कसे?"

"लोकांना कळलंय की तीनच्या खाली गेलं की बंदी होते. मग सगळ्यांनी स्वतःला तीनवर आणून ठेवलंय, पस्तीस मार्कांवर पास होणाऱ्या पोरांसारखं. पूर्वी पायऱ्या होत्या, रेवती. दंगल चढायला वेळ लागायचा, मधे थांबवता यायची. पायऱ्या आपण तोडल्या. आता कडा आहे. तिसरा माणूस उठला, की चोवीसशे एकदम उठतील आणि त्यांच्यामागं उरलेले. पश्चिमेच्या जिन्यावरून एका वेळी चार माणसं उतरतात. चेंगरून किती मरतील सांग."

"तीन जण उठणारच नाहीत. त्यासाठीच तर केलंय हे सगळं."

तिची नजर पश्चिमेच्या गॅलरीच्या अगदी खालच्या रांगेकडे गेली. तिथं आबा बसले होते, तिचे वडील. पिंपळाखालच्या तालमीचे एके काळचे गोलकीपर. हाताची बोटं अजून वाकडी. पूर्वी शेजारी रणजित असायचा. आज सकाळी निघताना त्यांनी विचारलं होतं, "रंजाला आजच्या दिवस आत घेशील का गं? फायनल हाय."

"आबा, नियम सगळ्यांना सारखा."

"बरं," म्हणून त्यांनी टोपी घातली आणि एकटेच निघून गेले. तेव्हापासून ते 'बरं' तिला सलत होतं.

मध्यंतराच्या जरा आधी पश्चिमेच्या गॅलरीवरचा सिमेंटचा जुना छज्जा तुटला. आधी करकरल्यासारखा आवाज झाला, मग धुळीचा लोट उठला. लोट खाली बसला तेव्हा खालच्या रांगेतली काही म्हातारी माणसं रांगत बाहेर येताना दिसली. आबा दिसले नाहीत. दिसली ती त्यांची टोपी.

आणि सोळा हजारांतलं कुणीही हललं नाही.

ती माणसं दुष्ट नव्हती. बायका रडत होत्या, पुरुष कपाळ बडवून घेत होते. "अरं कुणीतरी जावा की!" असं अख्खी गॅलरी एकदमच, एका सुरात ओरडू लागली. सरनोबतांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, "दहा जणांनी मदतीला या!" प्रत्येकजण त्या दहांतला पहिला कोण, हे शोधत मान वळवत राहिला. खेळाडू मैदानाच्या मध्यावर गोळा होऊन उभे होते.

रेवती धावत खाली उतरली. बोगद्याच्या तोंडाशी रुग्णवाहिकेचे दोघे स्ट्रेचर धरून उभे होते.

"चला ना!"

"ऑर्डर येऊ दे, मॅडम. ते बघा, पोलीसबी थांबल्यात."

पोलीस त्यांच्याकडे बघत थांबले होते.

ती एकटीच पोचली. छज्ज्याची सिमेंटची लादी आबांच्या छातीवर तिरकी पडली होती. डोळे उघडे होते, श्वास तुटक तुटक येत होता.

"लई जड हाय गं," ते म्हणाले.

तिनं लादीखाली बोटं घातली आणि सगळा जीव लावला. लादी हलली नाही. मागं धप्पकन आवाज झाला. भिंतीवरून रणजितनं उडी टाकली होती. त्याचं गॅरेज भिंतीला लागूनच होतं, कामाची जागा म्हणून कायद्यानं मान्य असलेलं. मनगटातली कडी ठणाणा वाजत होती. तो काही विचारत बसला नाही. दोघांनी मिळून जोर लावला. लादी बोटभर उचलली गेली आणि पुन्हा बसली.

"आणि एकजण पायजे!" तो गॅलरीकडं वळून ओरडला. "ए संभ्या! दिसंना व्हय तुला? ये की रं!"

वरच्या रांगेतल्या संभ्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो जागचा हलला नाही.

तेवढ्यात हिरवळीवरून फिरोज धावत येताना दिसला.

"आला!" रणजित ओरडला. "अक्का, आला बघ माणूस!"

पहिली ती, दुसरा रणजित, तिसरा फिरोज. रेवतीनं मान वर केली. गॅलरी तिच्या डोक्यावर सरळ उभी होती. तिच्यात चोवीसशे माणसं, एक अरुंद जिना, आणि तो जिना जिथं उतरत होता तिथंच ही लादी आणि तिच्याखाली आबा. वडील तर जातीलच, आणि त्यांच्याबरोबर शेकडो. हे गणित चुकीचं असतं तर तिला केवढं बरं वाटलं असतं! पण ते तिचंच गणित होतं.

ती उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात वर केले.

"फिरोज, थांब! पुढं येऊ नकोस!"

फिरोज थबकला. त्यानं एकदा वर गॅलरीकडं पाहिलं आणि त्याला कळलं. तो तिथंच गुडघ्यांवर बसला.

रणजित बहिणीकडं बघत राहिला. "अक्का," तो म्हणाला, "काय केलंस हे?"

सांगायला वेळ नव्हता आणि सांगून त्याला पटलंही नसतं. तिनं पुन्हा लादीला हात घातले. आबांनी मान किंचित वळवली.

"रंजा आला का?"

"आलो, आबा."

"मग बस की. किती झालंय?"

"शून्य-शून्य," रणजित म्हणाला.

अग्निशमन दलाचं उचलयंत्र आलं, तेव्हा आबांना काहीच जड वाटत नव्हतं.

तेरावा झाल्यावर सरनोबत भेटायला आले. बरोबर फिरोजही होता. तो दाराशीच बसला, मान खाली घालून.

"गेलेला माणूस काय परत येत न्हाई," सरनोबत म्हणाले. "पण डॉक्टर, तुम्ही ह्या फिरोजला थांबवलंत, म्हणून चेंगराचेंगरी टळली. मंडळानं अभिनंदनाचा ठराव केलाय."

फिरोजनं मान वर केली.

"मी त्या दिवशीचे भारसंवेदक तपासले," तो म्हणाला. "उठणारा माणूस आधी पायांवर भार घेतो. मी धावत निघालो तेव्हा आपला आकडा बरोबर असता, तर चोवीसशे बैठका हलक्या व्हायला हव्या होत्या. एकही झाली नाही. त्या दिवशीच्या घोषणा मोजल्या तर सुळका चारवर आहे, रेवती. तीनवर आता कुणीच नाही."

"कसं शक्य आहे? हंगामभर तीनवर होते सगळे."

सरनोबतांनी घसा खाकरला. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं.

"त्याचं असं झालं, पुढच्या हंगामात तीनवाले काढायचे, असं आमच्या मनात घोळत हुतं. मग फायनलच्या आदल्या दिवशी दोन्ही पेठांत बोललो. म्हटलं, आपली माणसं सावध ऱ्हावीत. कुणावर अन्याय नको."

म्हणजे माणसं एका रात्रीत चारवर सरकली होती. तिसऱ्यासाठी कुणी उठणार नव्हतं. फिरोज आला असता आणि लादीला तिसरा हात लागला असता, एवढंच झालं असतं. वर बसलेल्या सोळा हजारांतला एकजणही खाली आला नसता. तिनं हात वर केले होते ते न येणाऱ्या पुराला अडवायला.

सरनोबत गेले, फिरोजही गेला. रेवती मागल्या दारी आली. रणजित पायरीवर बसला होता. बंदी मोडली म्हणून त्याच्या दुसऱ्या मनगटातही कडी आली होती.

ती त्याच्या शेजारी बसली. मग ती सरळच बोलली. "रंजा, फिरोजला येऊ द्यायला हवं होतं मी. कुणी पळत आलं नसतं. माझा हिशोब चुकला."

तो मनगटातली नवी कडी फिरवत राहिला.

"मला हिशोबातलं कळत न्हाई, अक्का," तो म्हणाला. "पर लादी हलली हुती."