चार नंबरचा दिवा

वर्धा नदीच्या काठच्या त्या कोळसाखाणीत मनसाराम वीजमिस्त्री होता. भद्रावतीहून सायकलने यायचा आणि दिवसपाळीभर वरच्या पॅनलखोलीत बसायचा. खाली पाणी उपसणारे चार पंप होते. पॅनलवर प्रत्येकाचे दोन दिवे, चालू असला की हिरवा, थांबला की लाल. दिव्याखाली विजेच्या भाराचा काटा. दर अर्ध्या तासाने सगळं रजिस्टरात लिहायचं. खाली न उतरता, नुसते दिवे आणि रजिस्टर पाहून मनसाराम पंपाचं दुखणं सांगायचा आणि ते बहुधा खरं निघायचं.

सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत चार नंबरचा पंप होता त्या बोगद्याचं तोंड ढासळलं. पंपवाला इतवारी आत राहिला. तीन दिवस खणलं, हाका मारल्या, पण उत्तर आलं नाही आणि छत कोसळतच राहिलं. शेवटी साहेबांनी बोगद्याला विटांची भिंत घालायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी वायर कापायचा हुकूम आला, तेव्हा पॅनलवर चार नंबरचा हिरवा दिवा लागलेला होता. माणसाविनाही पंप चालतो, असं मनाशी म्हणत मनसारामने वायर कापली.

ऑगस्टात एका सकाळी, सव्वादहाला, तो दिवा परत लागला.

ओल आली असेल, वीज झिरपत असेल, असं त्याला वाटलं. पॅनलची मागची फळी काढून पाहिली, तर कापलेली टोकं त्याने गुंडाळली होती तशीच होती. चाचणीचा दिवा लावून पाहिला, वीज कुठेच नव्हती. बल्ब काढून दुसरा घातला. तोही लागला.

मग त्याने रजिस्टराची मागची पानं उलटली. रात्रपाळीच्या वारलूने अकरा दिवस ‘४ चालू’ असं लिहून ठेवलं होतं, पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग वीस, मग तास. मनसारामने त्याला घरून बोलावून घेतलं आणि ही गोष्ट आजवर का सांगितली नाही म्हणून विचारलं.

वारलू खाली बघत म्हणाला, “दिवा लागला त लिहाचं, नाई लागला त नाई. तुमीच शिकवलं ना भाऊ.” मग म्हणाला, “मले वाटलं, तुमाले मालूम असन.”

त्याला घरी पाठवून मनसाराम आकडे ताडत बसला. तीन नंबरचा पंप भिंतीच्या अलीकडे होता. चार नंबरचा दिवा लागे, तेव्हा तेव्हा तीनचा भार बाविसावरून पंधरावर उतरत होता. म्हणजे अलीकडे पाणी कमी झिरपत होतं. म्हणजे पलीकडे उपसा चालू होता. हेच दुखणं दुसऱ्या कुठल्या पंपाचं असतं, तर त्याने डोळे मिटून सांगितलं असतं.

त्या दिवशी दुपार झाली तरी हिरवा दिवा विझला नाही. मनसारामने डबा उघडला नाही.

सव्वातीनला तो विझला आणि लाल लागला.

तीनचा काटा हलला. बावीस. सव्वीस. तीस.

खाली तेवीस माणसं होती. साहेब वरोऱ्याला गेले होते. बंद पंपाच्या, बिनवायरच्या दिव्यावरून खाण थांबवली तर नोकरी जाणार, हे त्याला कळत होतं. त्याने खालचा फोन फिरवला. मुकादम डोमाने उचलला.

“पानी फुटून राह्यलं. सगळ्यायले घेऊन वर ये.”

“इथी त कोरडं आहे भाऊ. कोनं सांगतलं?”

मनसारामने लाल दिव्याकडे पाहिलं.

“मी सांगतो.”

माणसांची ने-आण करणारा दोरावरचा पाळणा तीन खेपांत सगळ्यांना वर घेऊन आला. शेवटी डोमा उतरला. तो तोंड धूत होता, तेवढ्यात पायाखालची जमीन थरारली आणि खालून लांबलचक गडगडाट आला. भिंत फुटली होती. पॅनलवर तीन नंबर बंद पडला. चारचा लाल दिवाही विझला.

कसं ओळखलं, असं साहेबांनी विचारलं. तीन नंबरच्या काट्यावरून, असं मनसारामने सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

पाणी उपसायला तीन आठवडे गेले. मग डोमा आणि तो खाली उतरले. फुटलेल्या भिंतीतून वाकून आत गेले. इतवारीचं काही दिसलं नाही. पंप उंच ओट्यावर होता. पाण्याची खूण ओट्याच्या काठाखालीच थांबली होती. पंपावर गंज चढला होता. ढासळताना तुटलेल्या वायरचं टोक भिंतीवर लोंबत होतं.

“चाला भाऊ,” डोमा म्हणाला. “इथी काई नाई.”

मनसाराम थांबला. असल्या पंपाला दर पाळीला हाताने तेल घालावं लागतं, नाहीतर तो एका दिवसात अडकतो. त्याने तेलाच्या वाटीचं झाकण उचललं.

वाटी काठोकाठ भरलेली होती. त्याने बोट बुडवलं.

तेल कोमट होतं.