बोरघाटातलं इंजिन

"हे माझं चित्र नाही," राजाभाऊ म्हणाले. "माझ्या चित्रात इंजिन होतं."

हेलन तुस्कानोंनी चष्मा चढवला. विमा कंपनी सोडल्यापासून त्या दोह्यात खासगी चौकशीची कामं घेत. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या या फ्लॅटमध्ये भिंतीवर बोरघाटाचं जुनं तैलचित्र होतं: डोंगर, धबधबा, धुकं. आगगाडी मात्र नव्हती.

राजाभाऊ मेट्रोच्या बोगद्यांवर इंजिनिअर. वर्ल्ड कपच्या आधी मेट्रो धावायलाच हवी, त्यामुळे घरी ते फक्त झोपायला येत. वेड मात्र वाफेच्या गाड्यांचं. चित्र उद्या मुशैरिब भागातल्या ऑफिसात साहेबांना दाखवायचं होतं.

दाराशी फ्रेमवाला फजल उभा होता. त्याला कोणी बसा म्हटलं नव्हतं. फ्रेम दुरुस्त करून सकाळी त्यानंच चित्र टांगलं होतं.

"यानंच बदललं," सोफ्यावरून गोविंदराव म्हणाले. चित्र राजाभाऊंना विकलं होतं त्यांनीच. "नक्कल आहे, इथूनच कळतंय. पोलिसांत द्या, खलास! नोकरी जाईल, परतीच्या विमानात बसेल."

"साब, मैंने सिर्फ फ्रेम को हाथ लगाया," फजल दारातूनच म्हणाला. "टांगा तब इंजिन था. मेमसाब ने भी देखा."

"मी नीट पाहिलं नाही बाई," विभावरी, राजाभाऊंच्या पत्नी, घाईनं म्हणाल्या. "स्वयंपाकात होते." त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीच्या बश्या पुढे केल्या.

"बटाटा नाही?" हेलननी विचारलं.

"संपला."

"उपवासाच्या दिवशी?"

"बटाट्याचं काय घेऊन बसलात मॅडम, इंजिन शोधा," हेलनचा साहाय्यक मच्छिंद्र दुसरी बशी उचलत म्हणाला. सकाळी गाडीच्या दारात चेमटलेल्या त्याच्या बोटावर आयोडीनचा पिवळा डाग होता.

"मग तुम्हीच शोधा. राजाभाऊंच्या मोबाइलवरचा चित्राचा जुना फोटो आणि हे चित्र, दोन्ही बघून सांगा."

मच्छिंद्रनं मान वाकडी करून पाहिलं. "फोटोत धूर डावीकडे चाललाय आणि झाडं उजवीकडे वाकलीत. गंमतच! रंगाला पडलेली नागमोडी भेग मात्र दोन्हीकडे सारखी. नक्कल करणारा हुशार बरं का."

"भेग कुठवर जाते?"

"इथे थेट दरीपर्यंत. फोटोत इंजिनाशी थांबते."

"शाबास. आता खिशातली आयोडीनची बाटली द्या."

हेलननी कापसाचा बोळा भिजवून फ्रेमच्या आतल्या काठावर टेकवला. पिवळा बोळा निळाकाळा झाला.

"आयोडीनला स्टार्च भेटला की असं होतं. शाळेत बटाट्यावरच करून दाखवायचे. विभावरीताई, चित्र बटाट्याच्या फोडीनं पुसायचं कोणी सांगितलं?"

विभावरींनी हातातली बशी खाली ठेवली. "आईनं. समोर रोज खोदकाम, घरभर धूळ. म्हटलं, साहेबलोक बघणार. फोड फिरवली आणि इंजिन फोडीवर आलं हो! ह्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

"आणि फजलला जाऊ देणार होतात?"



"अगं, एवढं जुनं चित्र तू..." राजाभाऊ कडाडले.

"थांबा," हेलन म्हणाल्या. "जुना तैलरंग बटाट्याला दाद देत नाही. वार्निशवर अलीकडे फासलेला पाण्याचा रंग देतो. भेग हुबेहूब तीच, म्हणजे चित्र तेच. भेग इंजिनाखाली दडली होती, म्हणजे भेग आधीची, इंजिन नंतरचं. शिवाय जुन्या काळचे चित्रकार निसर्गापुढे इंजिन मुंगीएवढं काढायचे, धूर धुक्यात विरघळवायचे. वाऱ्याशी भांडणारा धूर त्यांनी काढला नसता. झाडं एकाची, धूर दुसऱ्याचा. नुसत्या डोंगराला कोण विचारतो? आगगाडीच्या वेड्याला विकायचं तर आगगाडीच हवी."

हेलन सोफ्याकडे वळल्या. "चित्र विकणारा माणूस 'नक्कल' म्हणतो आणि जवळ जाऊन बघतसुद्धा नाही? गोविंदराव, पोलिसांना बोलवायचं ना? तुमचीच सूचना."

"नको, नको," गोविंदराव कपाळ पुसत म्हणाले. "मी... चित्र परत नेतो."

"हात लावू नका," राजाभाऊ म्हणाले. ते चित्रापुढे जाऊन उभे राहिले. "पण मॅडम, उद्या साहेबांना दाखवू काय?"

"घाट. आगगाडी यायच्या आधीचा."

राजाभाऊंना हसू आलं. मग त्यांनी गोविंदरावांकडे नुसतं पाहिलं. गोविंदराव त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सोफ्यावरून उठले.

"फजलभाई, बैठिए," रिकाम्या जागेकडे हात करून राजाभाऊ म्हणाले.

विभावरींनी खिचडीची बशी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. "माफ करना, भाई. आलू नहीं है."