डोकं आपलं आपण लावावं

आईच्या वहीतल्या एकाही बाईला डोकं नव्हतं. मासिकातलं एखादं चित्र आवडलं की आई नागमोडी कातरीने ते गळ्याखालून कापायची आणि घरच्या खळीने वहीत चिकटवायची. "चेहरा ठेवला की गिऱ्हाईक हिरमुसतं," ती म्हणायची. "डोकं आपलं आपण लावावं." नुसत्या फॅशनच्या मासिकांवर तिचं भागत नसे. बिस्किटांच्या डब्यावरच्या नर्तकीची झालर, सिनेमाच्या पोस्टरवरच्या खलनायिकेची कॉलर, सगळं वहीत. शेजारी गिऱ्हाइकाची मापं. मापं घेताना तिचं एकच पालुपद: "पोट आत घेऊ नकोस गं. मला फसवशील, कापडाला कशी फसवणार?"

आईला जाऊन पाच आठवडे झाले होते. शिवणाच्या खोलीत मोरपंखी कापड बेतून पडलं होतं, नातीच्या झग्याचं. शनिवारी नात पहिल्यांदाच स्टेजवर गाणार होती. नमुना मात्र आईने कुणालाच दाखवला नव्हता.

थोरली लेक छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शिवण म्हणाल तर जेमतेम सरळ टीप.

"ताई, हट्ट सोड," धाकटी बहीण म्हणाली. "मी तयार झगा आणते. हे कापड ठेवून देऊ, आईची आठवण म्हणून."

"कपाटात? आईने घालायला बेतलंय ते. शनिवारपर्यंत थांब."

"मावशी," भाची म्हणाली. तिला घरात सगळे भिंगरीच म्हणत. "दोन्ही बाह्या एकाच झग्याला लागल्या तरी मी खूश!"

मंगळवारी सकाळी थोरलीने वही उघडली. शेवटच्या पानावर एक बाही होती. खांद्याशी फुगलेली, मनगटाशी चिंचोळी. काल ते पान कोरं होतं, असं तिला वाटलं. पण काल डोळे भरलेले होते, नसेल दिसली. तिने चिंधी म्हणून बाजूला टाकलेला लांबट तुकडा उचलला. ती तीच बाही होती.

बुधवारी गळा आला.

"तू वहीला हात लावलास?" तिने धाकटीला फोन केला.

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं? आणि खोलीची किल्ली तुझ्याकडेच आहे की."

चित्राचा कोपरा सुटा होता, खळ ओलसर. सवयीने तिने मागचा मजकूर वाचला. तळाशी मासिकाचा महिना छापलेला होता. पुढचा महिना.

गुरुवारी खिसा.

"गाणारीला खिसा कशाला?" थोरली पुटपुटली.

भिंगरीने टाळ्या पिटल्या. "रुमालाला! माझ्या तळहातांना घाम फुटतो. फक्त आजीलाच सांगितलं होतं मी!"

मग थोरलीने विचार करणं सोडलं आणि टिपा मारल्या. उसवलं, पुन्हा मारल्या. खोलीत यंत्राचा खडखडाट, भिंगरीचं गाणं, धाकटीचं "अगं, सुई बघ!" असा एकच गलका. आपण मोठ्याने हसतोय, हे थोरलीच्या जरा उशिराच ध्यानात आलं.

शनिवारी भिंगरी गायली. डावी बाही किंचित वर चढली होती, पण टाळ्या थांबत नव्हत्या.

सोमवारी सकाळी आईच्या नावाचं मासिक टपालाने आलं. प्लास्टिकचं वेष्टन चहूकडून चिकटवलेलं. थोरलीने ते फाडलं.

आत तीन नागमोडी भोकं होती. बाहीचं, गळ्याचं, खिशाचं. वर चित्रांतल्या तिघींचे चेहरे तसेच हसत होते.

पुढे चौथं भोक होतं, पानभर उंच.

तिने वही उघडली. लांब, साधा, पिवळा झगा. शेजारी आईच्या अक्षरात: थोरली. छाती, खांदा, उंची.

कंबर अठ्ठावीस.

तिची कंबर एकतीस होती. पण या पाच-सहा आठवड्यांत ती धड जेवलीही नव्हती. तिने कमरेभोवती टेप गुंडाळली.

सत्तावीस.

"चूक," ती म्हणाली. तिला हसूच आलं. एवढ्या दिवसांनी आईची एक तरी चूक सापडली.

मग तिच्या लक्षात आलं. तिने पोट आत घेतलं होतं.

तिने श्वास सोडला.

अठ्ठावीस.