लपवलेल्या चुकीचा भाग

गुरुवार होता. आपल्या पट्ट्यात विजेच्या वाटणीपायी कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, हे काही नव्यानं सांगायला नको. जेवण उरकून मीरासाहेब आकुर्डीच्या चाळीतल्या आपल्या खोलीतून निघाला आणि चार घरं सोडून कौशल्याबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. तिचा नवरा रंगराव जाऊन महिना झाला होता. चाकणच्या रस्त्यावर ट्रकनं स्कूटर उडवली, जागच्या जागी गेला. तिनं निरोप धाडला होता म्हणून मीरासाहेब आला होता. तिनं फडक्यात गुंडाळलेली वस्तू त्याच्या हातात ठेवली.

“ह्यांची गाडी,” ती म्हणाली. “तुमच्याजवळच शोभंल, भावजी.”

गाडी वीतभर लांब, प्लॅस्टिकची, लालभडक. तिला कुणी खेळणं म्हटलं की मीरासाहेबाचं टाळकं सणकायचं. पाच वर्षांपूर्वी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, कंपनीत मशिनं बसवायला आलेला एक जर्मन साहेब परत जाताना सामान हलकं करायला, सुटे भाग जोडून छोटी गाडी बनवायचे दोन जुने खोके रंगरावाला देऊन गेला. रंगरावानं त्यातला एक मीरासाहेबाला दिला. दोन्ही खोक्यांत गाडी एकच, मागं पंख फुटलेली लांबलचक अमेरिकी. पण खोके दोन वेगळ्या कंपन्यांचे. एकीचं छप्पर केसभर बुटकं, दुसरीची चाकं जरा फुगीर. प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटीला सुटे भाग चिंचांसारखे लटकलेले. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि डिंकानं जोडायचे. डिंक कसला, प्लॅस्टिक विरघळवणारं जहरच ते! अंगठ्याला लागला आणि तोच अंगठा काचेला टेकला की ठसा कायमचा. रंगराव टूलरूममधला फिटर, हातात कसब असं की बघत राहावं, पण ही चूक त्याच्याकडून हमखास व्हायची. त्याच्या उजव्या अंगठ्यावर लेथनं दिलेली आडवी चीर होती, त्यामुळं ठसा कुणाचा हे विचारायलाच नको.

गाड्या जोडून झाल्या तरी दोघांचं काम संपलं नव्हतं. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता मीरासाहेबाच्या खोलीत आरसा आडवा ठेवायचा, त्यावर दोन्ही गाड्या समोरासमोर, म्हणजे पोटाखालचंही दिसतं. मग कुणाचा जोड उसवला, कुणाचा रंग ओघळला, याची तपासणी. नियम रंगरावानंच घातला होता. आधी आपली चूक आपण तोंडानं सांगायची. सांगितली की माफ. लपवली आणि पकडली गेली, तर लपवणाऱ्यानं आपल्या हातानं आपल्या गाडीचा एक भाग काढून समोरच्यापुढं ठेवायचा. आणि हो, बसण्याआधी रंगराव खिडकीला गोधडी लावायचा. उन्हानं प्लॅस्टिक वाकतं, म्हणायचा. वाकतंच ते, तेव्हा कोण कशाला शंका घेईल?

मीरासाहेब त्याच कंपनीच्या रंगखात्यात अकरा वर्षं होता. गेल्या वर्षी शिफ्ट सुटताना गेटवर अचानक झडती लागली आणि त्याच्या जेवणाच्या पिशवीत, डब्याखाली, कंपनीच्या लाल रंगाची बाटली निघाली. मी ठेवली नाही, असं तो कानीकपाळी ओरडला. पण पिशवीच बोलतेय म्हटल्यावर माणसाचं कोण ऐकतो? चारशे सतरा नंबरचा पितळी बिल्ला तिथल्या तिथं काढून घेतला. चोर म्हणून नाव चिखलीपासून पिंपरीपर्यंत झालं. दुसरी कंपनी दारात उभी करेना. लेकीची, झुलेखाची, ठरत आलेली सोयरीक मोडली. आता तो पिंपरी कॅम्पात ट्रकांच्या मागं नंबर रंगवायचा.

तेव्हा अख्ख्या चाळीत एकटा रंगराव त्याच्या बाजूनं उभा राहिला. ज्यानं हे केलं त्याला मी हुडकून काढतो मीरा, असं दर गुरुवारी चहा पिऊन उठताना म्हणायचा. त्या एका शब्दावर मीरासाहेबानं वर्ष काढलं. आपलं नाव धुऊन निघणार, ही आशाच रंगरावाबरोबर चितेवर गेली असं त्याला वाटत होतं.

तर त्या दिवशी त्यानं सवयीनं आरसा आडवा ठेवला, दोन्ही गाड्या मांडल्या, गोधडी लावली आणि डोळे पुसत पडून राहिला. बाहेर दुपार अशी टळटळीत की कुत्रंसुद्धा भुंकेना. दोनच्या सुमाराला खोलीत डिंकाचा वास आला. नळी तर कधीचीच वाळून दगड झाली होती. उठून बघतो तो रंगरावाच्या गाडीचा बाजूचा इवलासा आरसा निघून मीरासाहेबाच्या गाडीपुढं ठेवलेला. ताजुन्निसाचा पदर लागला असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण त्याची बायको दुपारभर नळावर होती.

पुढच्या गुरुवारी एक चाक आलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी आलं स्टिअरिंग. आता स्टिअरिंग गाडीच्या आत असतं, आणि गाडी चहूबाजूंनी चिकटवून बंद. काच जागची हलली नव्हती.

खोटं कशाला सांगू, मीरासाहेब घाबरला नाही. तो खुळा हरखला! दोस्त मेल्यावरही गुरुवार चुकवत नाही, म्हणून त्याचं काळीज भरून आलं. त्यानं दोन कप चहा मांडायला सुरुवात केली. समोरची चटई कुणी मांडी घातल्यासारखी दबायची, मग हळूहळू वर यायची. गुरुवारी दुपारी ताजुन्निसा उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. हे चांगलं नव्हं, एवढंच ती म्हणाली आणि लेकीला घेऊन शेजारी जाऊन बसली.

चौथ्या गुरुवारी सकाळीच ती गोधडी धुवायला घेऊन गेली होती. खिडकी उघडी, ऊन थेट आरशावर. दोन वाजता वास आला, चटई दबली आणि मीरासाहेबाच्या डोळ्यांदेखत लाल बॉनेट गाडीपासून सुटलं, आरशावरून सरकत सरकत आलं आणि त्याच्यापुढं उन्हात थांबलं.

उन्हात त्या लाल रंगावर केशरी झाक उठली.

गेल्या वर्षी, झडतीच्या थोडं आधी, रंगरावानं गाडी नव्यानं रंगवली होती. कॅम्पातून नेलपॉलिश आणलं, असं सांगायचा. नेलपॉलिशला ही झाक येत नाही. अकरा वर्षं जो रंग मीरासाहेबानं नाकातोंडात घेतला, खोकल्यातून बाहेर काढला, तो हा रंग. कंपनीच्या कोठाराशिवाय कुठंही न मिळणारा. वर्षभर तो हातभर अंतरावर ठेवलेला होता, आणि खिडकीला गोधडी होती.

मग त्याला ती संध्याकाळही आठवली. कार्ड पंच करताना त्यानं पिशवी क्षणभर मागच्या माणसाच्या हातात दिली होती. झडतीची कुजबुज तेव्हाच रांगेत पोचली होती. मागं रंगराव होता. झडतीच्या वहीवर साक्षीदार म्हणून सहीही त्यानंच केली होती, नाइलाज आहे मीरा, असं म्हणत.

 परक्यानं केलं असतं तर मीरासाहेबानं शिव्या घातल्या असत्या आणि तो विसरला असता. पण याच्या ताटात तो जेवला होता. याच्या मढ्याला त्यानं खांदा दिला होता.

“रंगा...” तो म्हणाला, “तूच ना?”

चटई दबलेलीच होती. आरशाच्या पलीकडच्या बाजूला वाफ धरली, तोंड जवळ आणल्यावर धरते तशी. टक् करून रंगरावाच्या गाडीचं दार निखळलं आणि पुढं सरकलं. मग दुसरं दार. मग मागचा पंख.

“भाग नकोत मला,” मीरासाहेब दबक्या आवाजात म्हणाला. “तुझाच नियम आहे... आधी तोंडानं सांगायचं. सांग. माझं नाव घेऊन सांग.”

वाफ वाढली, विरली, पुन्हा वाढली. तो कान देऊन बसला. मेलेला माणूस काय बोलेल याची भीती त्याला नव्हतीच. तो बोलणार नाही, हीच भीती होती.  मग वाफ एकदम गेली, आणि आरशावर टण् करून काहीतरी पडलं.

पितळी बिल्ला होता. चारशे सतरा. गेटवर काढून घेतलेला, त्याचाच. आकड्यांवर ओल्या डिंकानं उमटावा तसा अंगठ्याचा ठसा रुतला होता, मधे आडवी चीर. प्लॅस्टिक विरघळतं डिंकानं, कबूल. पण पितळ कसं विरघळावं?

बिल्ला मुठीत धरून तो कौशल्याबाईंच्या दाराशी गेला. सांगायचंच, असं ठरवून गेला होता. तिनं पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाली, “तुमच्यापायी लई तळमळायचे हो... शेवटच्या दिवशी सकाळीपण तुमचंच नाव काढलं.”

मीरासाहेब पाणी पिऊन परत आला. मेल्यावरही तोंड उघडलं नाही त्यानं, आणि आता जित्यालाही उघडता येईना. बिल्ला दाखवून कंपनीत तरी काय सांगणार? दुसरी चोरी अंगावर यायची.

त्याला अजून वाटतं, रंगराव कधीतरी बोलेल. म्हणून दर गुरुवारी तो आरसा मांडतो. समोर रंगरावाच्या गाडीचा नुसता सांगाडा उरलाय. तिकडून आता काही येत नाही. चटईही दबत नाही. फक्त दोन वाजता डिंकाचा वास येतो, आणि वास गेल्यावर तो बिल्ला उन्हात धरून बघतो. ठसा दर वेळी केसभर खोल गेलेला असतो, वरून कुणी अजून अंगठा दाबून धरल्यासारखा. चारचा आकडा त्याच्याखाली कधीच पुसला गेला. परवा एकचा आकडाही दिसेनासा झाला. सात तेवढा राहिलाय.