दोन बिऱ्हाडं

धाकट्या दिराचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, पण त्या दिवशी त्याला पाय काढता येईना, म्हणून तो फोनवरूनच सांगत होता.

"वहिनी, घाई नको. लॅपटॉपच्या डिस्कवरची जागा कापताना दादाच्या बाजूला धक्का लागला, तर ब्रह्मदेवालाही ते परत आणता यायचं नाही."

नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. तो माहितीपटांसाठी आवाज टिपायचा. पावलं, दारं, पाण्याची धार, रिकाम्या खोल्या, सगळं त्याच्या छोट्या लॅपटॉपवर होतं. तिचा स्वतःचा लॅपटॉप मोडला होता आणि एका पुस्तकाच्या अनुवादाचं काम अडलं होतं. दीर म्हणाला होता, जुनं पुसून नवी सिस्टिम टाकू. ती हटून बसली. मग जुनी सिस्टिम ठेवून शेजारी नवी टाकायची, एकाच घरात दोन बिऱ्हाडं थाटायची, असं ठरलं.

पेन ड्राइव्ह लावला, अर्धी जागा मोकळी केली, नवी सिस्टिम बसली. लॅपटॉप सुरू करताच काळ्या पडद्यावर निवडीसाठी दोन ओळी उमटल्या. वरची तिची, खालची त्याची.

"मी माझ्या बाजूला काम करत असताना त्याच्या बाजूला काय चालू असतं रे?"

"काहीच नाही. एका वेळी एकच. तुम्ही नव्यात असलात की जुनं झोपलेलंही नसतं, वहिनी. नसतंच."

तो शब्द तिला कुठेतरी लागला.

काम मात्र मार्गी लागलं. एका ढगाळ दुपारी त्याचा आवाज ऐकावासा वाटला, म्हणून तिने खालची ओळ निवडली. फायलींमध्ये सगळ्यात वर कालची तारीख होती. तिने त्याचे हेडफोन घातले. त्यांच्या झिजलेल्या स्पंजाला अजून त्याच्या केसांचा वास येत होता.

आधी नुसती खोली ऐकू आली. मग कळांची टकटक. थांबणं, खोडणं, पुन्हा टकटक. आणि एक वाक्य, पुटपुटलेलं. काल दिवसभर तिला छळणारं वाक्य, तिच्याच तोंडून. काल ती वरच्या ओळीत होती. म्हणजे ही बाजू तेव्हा... नव्हतीच.

शेवटी, अगदी कानाशी, कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला. तो रेकॉर्डिंग संपवताना सोडायचा, तसाच.

ती घाबरली नाही. उलट त्या दिवसांत ती केस नीट बांधून कामाला बसू लागली, वाक्यं जरा मोठ्याने म्हणू लागली. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला कान आहेत, एवढंच तिला पुरेसं होतं. सोबत म्हणजे तरी दुसरं काय असतं, तिला वाटे.

दीर आला तेव्हा तिने त्यालाही ऐकवलं. त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, या लॅपटॉपचा माइक मी काढून टाकलाय... बिघडला म्हणून. दादानेच काढायला लावला होता."

तिने हेडफोन त्याच्या हातातून काढून घेतले.

"पुसून टाकू या."

"तुझ्या दादाला पुसू?"

"तो दादाच आहे कशावरून?"

 विचार करायला म्हणून ती बहिणीकडे जाऊन राहिली. लॅपटॉप बंद करून, बॅटरी काढून घरीच ठेवला. बहिणीकडे तिने मनाशी पक्कं केलं: जो कुणी ऐकतोय, त्याला एकदा सरळ विचारायचं आणि मग पुसायचं.

भर दुपारी ती परतली, कुलूप उघडून आत आली. घर बंद राहिलेल्या घरासारखं कोंदट नव्हतं. तिने बॅटरी बसवली, खालची ओळ निवडली.

नवी फाइल होती. आजचीच.

तिने हेडफोन घातले. टकटक चालू होती. थांबणं, खोडणं, पुन्हा टकटक. मग पुटपुटणं... ते वाक्य पुस्तकातल्या पुढच्या प्रकरणातलं होतं. तिने ते अजून हातात घेतलं नव्हतं. भाषांतर सुरेख होतं. तिला इतकं सुरेख कधीच जमलं नसतं.

रेकॉर्डिंगमध्ये, लांब स्वयंपाकघरातून, तिच्या नवऱ्याने विचारलं, "चहा ठेवू का गं?"

टकटक थांबली. मग त्याच रेकॉर्डिंगमध्ये बाहेर कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला.

"नको," माइकच्या अगदी जवळ तिचाच आवाज कुजबुजला. "ती आली बघ..."