वजीर दिसला, घोडा हलला

तुंगार्लीच्या त्या बंगल्यात बुद्धिबळ खेळत होते ते माणसांनी लिहिलेले प्रोग्रॅम. अंतिम डाव मध्येच अडला, तेव्हा आयोजकांनी खासगी तपासनीस सविता काळोखे हिला बोलावून घेतलं. सोबत नेहमीप्रमाणे तिचा मदतनीस अंबाजी होता.

"सरळसरळ फसवणूक आहे," अंतिम डावातला एक स्पर्धक प्रज्ञेश तावातावाने म्हणाला. "समोरच्या शहनाजच्या प्रोग्रॅमच्या स्क्रीनवर वजिराची चाल होती. वेळ संपली आणि खेळला गेला घोडा! माझा डावच खिळखिळा झाला. हिला बाहेरून कुणीतरी चाल पुरवतंय."

अंबाजीला ते लगेच पटलं.

"वेळ संपली की तुमचा प्रोग्रॅम काय करतो?" सविताने विचारलं.

"विचार जिथवर आला असेल, तिथली चाल खेळतो. सकाळी त्यापायी एक हत्ती फुकट गेला. पण ते चालायचंच."

बंगल्याचे रखवालदार कोंडाजी दारातच बसले होते. "आत कुनी गेलं न्हाई, ताई. हितं रेंजबी न्हाई. अन् पोरीनं मांडीवरचा हात हलवला न्हाई."

शहनाज पुढे आली. "स्क्रीनचं काम माझं. त्या क्षणी जी चाल तपासली जात असते, ती दिसते. वेळेचा भाग माझ्या भावाचा, अजीमचा. तो वारला, तेव्हापासून मी ती फाइल उघडलेली नाही. मला बाद करा हवं तर. पण अजीमच्या नावाला लबाडी चिकटवू नका."

अंबाजीला तिची दया आली. पण दया म्हणजे पुरावा नव्हे, हेही त्याला कळत होतं.

सविताने सगळ्यांना जवळ बोलावलं आणि तोच डाव पुन्हा मांडायला लावला. वेळही तेवढीच. स्क्रीनवर वजीर आला, वेळ संपली, घोडा हलला. पुन्हा मांडला, पुन्हा घोडाच. मग तिने वेळ वाढवून दिली. वजीर तपासला गेला, मागे पडला. घोडाच खेळला गेला.

"आत्ता कोण चाल पुरवत होतं, प्रज्ञेश?"

मग तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"प्रोग्रॅम आधी थोडं पुढचं बघतो, मग त्याहून पुढचं. प्रत्येक फेरीत सगळ्या चाली नव्याने तपासतो. तुमचा प्रोग्रॅम अर्धवट फेरीतली चाल उचलतो, म्हणून हत्ती गेला. अजीमने तसं केलं नाही. फेरी पुरी झाली नाही तर ती सोडून द्यायची आणि आधीच्या पुऱ्या फेरीत जी चाल सरस ठरली, ती खेळायची. वजीर तपासणं चालू होतं, घोडा तपासून झाला होता."

"पण ताई, केलेला विचार वाया नाही का गेला?" अंबाजीने विचारलं.

"गेला. तेवढा जाऊ द्यायची हिंमत त्या माणसात होती."

प्रज्ञेशने तक्रार मागे घेतली. डाव पुढे सुरू झाला. अंबाजीला आता निघवेना. दर चालीला तो श्वास रोखून बघत राहिला. शेवटी प्रज्ञेशच्या राजाला जागा उरली नाही.

प्रज्ञेश उठला. शहनाजपुढे अवघडून उभा राहिला.

"तुमच्या भावाशी एकदा तरी खेळायला हवं होतं."

शहनाजने डोळे पुसले.

"आत्ता खेळलात की," ती म्हणाली.