भुरी ऐकते

आधी श्वास, मग बैठक, मग पाय आणि सगळ्यात शेवटी लगाम. घोडेस्वारी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई पहिल्या दिवशी हेच सांगायची. "लगाम ओढणं म्हणजे ओरडणं. घरच्यांशी ओरडून बोलता का? बोलत असाल तर आधी घरी जाऊन सुधारा, मग या." लोक हसायचे. पण तिच्या तबेल्यात घोड्यावर आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती.

त्यात भुरी म्हणजे फारच तल्लख घोडी. वर बसून ताईने वळायचं नुसतं मनात आणलं की भुरी वळलीच. ताईला त्याचं नवल नव्हतं. मनात आलं की नकळत खांदा कणभर कलतो, आणि ज्या पाठीला बसलेली माशी कळते तिला खांदा कळणार नाही होय?

पण एकदा भुरीवर एक शिकाऊ बाई होती आणि ताई मैदानाच्या कठड्याबाहेर चहा पीत उभी होती. आता थांबावं हिने, असं तिच्या मनात आलं. भुरी थांबली. बाई टाचा मारून दमली, घोडी हलेना. घोड्यांची देखभाल करणारा म्हातारा मोतद्दार खरारा हातात धरून बघत राहिला.

"तुम्ही काही बोललात?"

"नाही."

"मग हिला सांगितलं कुणी?"

दुसऱ्या दिवशी भुरी मैदानात चालत असताना ताई चाऱ्याच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून मनात म्हणाली, डावीकडे. बाहेरून मोतद्दाराचा आवाज आला, "अगं बाई, डावीकडे कुठे निघालीस?" ताई दार उघडून बाहेर आली. ती कुणाला काही बोलली नाही. बोलून काय, लोकांनी वेड्यात काढलं असतं.

आणि त्याच आठवड्यात मेजर आला.

फौजेचं तोंडही न पाहिलेला हा माणूस नुसत्या मिशांवर मेजर झाला होता. तीन वर्षांपूर्वी ताईचा धाकटा भाऊ त्याच्या तबेल्यात कामाला होता. मेजरने काटेरी लगाम ओढून ओढून एका घोड्याचं तोंड पार बधिर करून टाकलं होतं. लगाम खेचला तरी त्या बिचाऱ्याला कळत नसे. हे मेजरला चांगलं ठाऊक होतं. तरी पाहुण्यांसमोर रुबाब दाखवायला त्याने भावाला त्याच घोड्यावर चढवलं. घोडा उधळला, भाऊ कठड्यावर आपटला आणि कमरेखाली लुळा झाला. "पोराला लगामाचा हातच नव्हता," असं चौकशीत सांगून मेजर नामानिराळा राहिला.

"माझे घोडे हल्ली ऐकत नाहीत गं," मेजर म्हणाला. "तुझं ते घोड्यांशी बोलणं-बिलणं शिकव की."

मेल्याची जीभ कशी झडली नाही! ताईच्या डोक्यात तिडीक गेली. पण ती गोड हसली. "उद्या सकाळी या."

पाडायचं, बस. सगळ्यांदेखत मातीत लोळवायचं. एवढंच तिने ठरवलं होतं.

सकाळी मेजर भुरीवर बसला. ताई कठड्याबाहेर उभी राहिली. दोन फेऱ्या घोडी अशी चालली की मेजर खूश झाला.

"असलं जनावर मिळालं असतं तर तुझा भाऊसुद्धा टिकला असता!" तो वरून हसत म्हणाला.

भुरीचा एक कान ताईकडे वळला. घोडी धावायला लागली.

मेजरने लगाम खेचला. मग दोन्ही हातांनी खेचला. भुरीचं तोंड ताईने फुलासारखं जपलं होतं, पण आता त्या तोंडाला काही कळतच नव्हतं.

"थांबव तिला!"

"थांब!" ताई ओरडली. मनातही थांब म्हणाली, अगदी शब्द न शब्द जुळवून.

भुरीने वेग वाढवला.

मोतद्दार धावत पुढे झाला. "थांबवा ना हो!"

"सांगतेय ना मी!"

ती सांगत होती. पण थांबावं असं तिला वाटत नव्हतं.

कोपऱ्यावर भुरी अंग चोरून वळली. मेजर वळला नाही. कठड्याची फळी मोडल्याचा आवाज आला, आणि त्यातच दुसरा, बारीक.

घोडी तिथेच थांबली. चालत ताईपाशी आली आणि तिच्या खांद्यावर तोंड टेकून उभी राहिली. तिला धापही लागली नव्हती.

मेजरचा मणका गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताई त्या दिवशी तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

महिन्याभराने भाऊ म्हणाला, "ताई, मला भुरीला भेटव ना."

तिने त्याची खुर्ची ढकलत मैदानात आणली. सकाळी त्याला उचलून अंघोळ घातली होती, त्यामुळे पाठ ठणकत होती. पाठ तीन वर्षं ठणकत होती. त्याच्यापायी तिने ठरलेलं लग्न मोडलं होतं. पण कंटाळा आला, असं ती कधी मनातसुद्धा बोलली नव्हती. भावावर तिचा जीव होता.

"किती शांत आहे गं," म्हणत भावाने हात पुढे केला.

भुरीने हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे दोन्ही कान ताईकडे वळले.

नाही, ताई मनात म्हणाली. नाही, नाही, नाही.

भुरीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने खुर्चीच्या दिशेने एक पाऊल टाकलं.